पूलचं पाणी बदलावं लागतंच, पण ते मे महिन्यातच का?

एप्रिल-मे लागला की आपल्या रायगड जिल्ह्यात पाण्याचा टँकर दोन ठिकाणी वळताना दिसतो. एक वळतो कर्जत, खालापूर, पेणच्या डोंगरकडेच्या वाड्यांकडे. दुसरा त्याच तालुक्यांत, कधी कधी त्याच रस्त्यावर, फार्महाऊसच्या फाटकातून आत जातो. पहिल्याची वाट बघत हंड्यांची रांग लागलेली असते. दुसऱ्याचा पाईप थेट स्विमिंग पूलमध्ये सोडला जातो.

यावर गावात बोलणं निघतं तेव्हा दोनच बाजू ऐकू येतात. एक म्हणते, शहरवाल्यांनी जमिनी घेतल्या, आता पाणीपण घेतायत. दुसरी म्हणते, त्यांच्या बंगल्यांवर आपल्या पोरांना काम आहे, कशाला वाकडं बोलता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. पण या भांडणात एक साधी गोष्ट कुणी विचारत नाही. पूलमध्ये पाणी भरलेलंच असतं, मग दरवर्षी त्यातलं काही काढून नवं भरायची गरज का पडते? आणि पडते तर ती नेमकी विहिरी तळाला गेल्यावरच का पडते?

पाणी जुनं होतं म्हणजे काय होतं

मध्यम आकाराचा खासगी पूल धरा. १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, सरासरी १.२ मीटर खोल. त्यात ६० हजार लिटर पाणी मावतं, म्हणजे १० हजार लिटरचे सहा टँकर. हे पाणी रोज बदलत नाहीत. पंप ते वाळूच्या फिल्टरमधून फिरवतो आणि जंतू मारायला त्यात क्लोरीन टाकतात. इथपर्यंत बहुतेकांना माहीत आहे.

पुढची गोष्ट बंगल्यावर काम करणाऱ्या पोरांनाही कुणी नीट सांगितलेली नसते. आपल्या ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत जी टीसीएल पावडर टाकतो, ती वेगळी. पूलमध्ये बहुतेक ठिकाणी पांढऱ्या गोळ्या वापरतात. दुकानात त्यांना टीसीसीए किंवा नुसतं ‘क्लोरीन टॅबलेट’ म्हणतात. गोळी सोयीची असते, तरंगत्या डब्यात ठेवली की हळूहळू विरघळते. पण तिच्यातून क्लोरीनबरोबर आणखी एक पदार्थ पाण्यात उतरतो, सायन्युरिक आम्ल. ते क्लोरीनला उन्हापासून वाचवतं, म्हणून थोडं हवंच असतं. लिटरला ३० ते ५० मिलिग्रॅम ठीक मानतात.

अडचण अशी की क्लोरीन काम करून संपतं, हे आम्ल संपत नाही. ते उडून जात नाही, फिल्टरमध्ये अडकत नाही, उन्हाने मोडत नाही. प्रत्येक गोळीबरोबर ते साठत जातं. हिशोब करून बघा. ६० हजार लिटरच्या पूलला उन्हाळ्यात रोज लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन लागतं असं धरलं, तर रोज साधारण १३० ग्रॅम गोळी जाते. त्यातून रोज सत्तर-पंचाहत्तर ग्रॅम हे आम्ल पाण्यात राहतं. महिन्याला लिटरमागे ३५ मिलिग्रॅमच्या वर भर पडते. तीन महिन्यांत आकडा शंभरी गाठतो.

शंभरीला गेल्यावर क्लोरीन असूनही नसल्यासारखं होतं. टेस्टमध्ये रंग दिसतो, पण पाण्याला हिरवी झाक येते, भिंती बुळबुळीत होतात. मग मालकाचा मुंबईहून फोन येतो, ‘अरे, आणखी गोळ्या टाक.’ पोरगा टाकतो. आम्ल आणखी वाढतं आणि हा फेरा चालू राहतो.

दुसरा हिशोब क्षारांचा. उन्हाळ्यात पूलमधलं पाणी रोज ५-६ मिलिमीटर उडालं तरी ५० चौरस मीटरच्या पूलमधून दिवसाला ३०० लिटर जातं, महिन्याला ९ हजार लिटर. वाफ जाते ती शुद्ध पाण्याची. चुना, मीठ, सगळे क्षार मागेच राहतात. वरून परत बोअरचं पाणी भरलं की त्याचे क्षार त्यात मिळतात. आमटी आटत जावी आणि दरवेळी तिच्यात खारट पाणीच घालावं, तसं होतं. टाइल्सवर पांढरा थर चढतो, पंपात आणि पाईपात चुना बसतो.

यावर घरगुती पूलला परवडेल असा औषधी इलाज नाही. साठलेलं आम्ल आणि क्षार कमी करायचे तर पाणी पातळ करावं लागतं, म्हणजे थोडं जुनं काढून तेवढंच नवं भरायचं. आकडा ९० असेल आणि एक तृतीयांश पाणी बदललं तर तो ६० वर येतो. अर्धं बदललं तर ४५. त्यामुळे ‘श्रीमंतांची नासाडी’ म्हणून ही गोष्ट झटकून टाकता येत नाही. पूल ठेवायचा तर कधी ना कधी हे करावंच लागतं. पूर्ण रिकामा मात्र करत नाहीत, कारण रिकाम्या टाकीच्या टाइल्स उन्हात सुटतात आणि जमिनीत पाणी वर असेल तर ते खालून टाकीला उचलून तडे पाडतं.

दोन टँकर म्हणजे किती

एक तृतीयांश म्हणजे २० हजार लिटर, दोन टँकर. टंचाईत टँकरने पाणी देताना ग्रामीण भागात माणशी रोज २० लिटर हा सरकारी निकष आहे. त्या निकषाने हे हजार माणसांचं एका दिवसाचं पाणी झालं. जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरने मोजलं तरी साडेतीनशेच्या वर माणसं होतात.

आता दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर हिशोब एकतर्फी होईल. एक एकर शेताला फक्त ५ सेंटिमीटर पाणी द्यायचं म्हटलं तरी दोन लाख लिटर लागतं. म्हणजे अख्खा पूल एका एकराच्या एका पाळीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नाही. जिल्ह्याचं पाणी पूलनी संपवलं असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही. पेणच्या खारेपाटाच्या उशाला हेटवणे धरण असून तिथली गावं उन्हाळ्यात तहानलेली असतात. धरणाचं पाणी नवी मुंबईकडे जातं. हा प्रश्न पूलपेक्षा कितीतरी मोठा आहे.

मग पूलवर एवढं का लिहायचं? जागा आणि वेळ यामुळे. आपल्याकडचा कातळ बेसाल्टचा. पावसाळ्यात धो धो पडलेलं पाणी ओढ्यांनी खाडीला जातं आणि कातळाच्या भेगांत उरतं ते थोडंच. एका भेगेतून वाडीची विहीर आणि बंगल्याची बोअर दोन्ही पाणी ओढत असतील, तर मे महिन्यात २० हजार लिटर ही मोठी गोष्ट आहे. तेच पाणी नोव्हेंबरात काढलं तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. भिवपुरीच्या टाटा वीजगृहातून सुटणाऱ्या पाण्यामुळे पेज नदी उन्हाळ्यातही वाहते, त्यामुळे तिच्या काठच्या गावांना ही झळ कमी लागते. डोंगराला टेकलेल्या वाड्यांना तसा आधार नाही.

अलिबाग-मुरूडच्या किनारपट्टीवर गोष्ट आणखी नाजूक आहे. तिथे गोड पाण्याचा थर खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. वरचं गोड पाणी जास्त उपसलं की खालून नि बाजूने खारं पाणी आत सरकतं आणि शेजारच्या वाडीची विहीर मचूळ होते. एकदा मचूळ झालेली विहीर एका पावसाने सुधारेलच असं नाही. गंमत अशी की अशा बोअरचं पाणी पूलच्याही कामाचं नसतं. क्षार कमी करायला पाणी बदलायचं आणि भरायचं तेही खारटच, तर हाती काय लागणार? म्हणूनच किनाऱ्यावर टँकर बोलावतात. तो टँकर कुठल्या तरी आतल्या गावच्या विहिरीवर भरलेला असतो.

मे महिनाच का

याला रसायनशास्त्राचं काही कारण नाही, धंद्याचं आहे. शाळांना सुट्टी लागते, बंगले शनिवार-रविवारच नाही तर आठवडाभर बुक होतात. पाण्यात माणसं वाढली की क्लोरीन जास्त लागतं, गोळ्या जास्त जातात, ऊन जास्त, वाफ जास्त. हिवाळाभर साठत आलेलं सगळं एप्रिलअखेर डोकं वर काढतं आणि पाहुणे तर शुक्रवारी येणार असतात. म्हणून मग रातोरात पंप लावून पाणी ओढ्यात सोडायचं आणि टँकर मागवायचा.

वर्षाचं नियोजन केलं असतं तर ही वेळ आली नसती. आपल्या जिल्ह्यात पाऊस सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पडतो. अलिबागकडे कमी, माथेरानच्या बाजूला कितीतरी जास्त. ५० चौरस मीटरच्या पूलवर ३००० मिलिमीटर पाऊस म्हणजे दीड लाख लिटर पाणी. पूल अडीच वेळा भरेल एवढं, फुकट आणि क्षार जवळजवळ नसलेलं पाणी थेट आभाळातून पडतं. आणि बहुतेक बंगल्यांवर ते काठावरून वाहून जातं, कारण पूल आधीच काठोकाठ भरलेला असतो.

म्हणजे पाणी बदलायचा हंगाम जून आहे. पाऊस नीट सुरू झाला की पूलची पातळी ४० सेंटिमीटर खाली आणायची, तेच २० हजार लिटर झाले. पुढच्या ४०० मिलिमीटर पावसात पूल आपोआप भरतो. १०० चौरस मीटर छपराची पन्हळ पूलकडे वळवली तर दीडशे मिलिमीटरच्या आतच काम होतं. पहिल्या एक-दोन पावसांचं छपरावरचं पाणी मात्र बाहेर सोडायचं, त्यात धूळ आणि पक्ष्यांची घाण असते.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. बंगला भातखाचरात भर टाकून बांधलेला असेल तर जुलैत जमिनीतलं पाणी अगदी वर येतं. तिथे पातळी जूनच्या सुरुवातीलाच आणि फूटभरच उतरवावी, भर पावसात नाही. दुसरं, पावसाचं पाणी फार मऊ असतं. त्याने पीएच आणि क्षारता घसरते आणि ते टाइल्समधलं सिमेंट खायला लागतं. पाऊस संपल्यावर टेस्ट करून हिशोबाने खायचा सोडा टाकला की क्षारता परत येते.

त्याहून सोपा उपाय गोळ्या कमी करण्याचा आहे. पातळ हायपोक्लोराइट वापरलं तर ते आम्ल वाढतच नाही. थोडं मीठ वाढतं, पीएच चढतो, रोज हाताने टाकायची मेहनत पडते. पण पाणी बदलायची वेळ कितीतरी पुढे जाते. पूलवर रोज माणूस असेल तर गोळीचं कारणच उरत नाही, गोळी तर माणूस नसेल तेव्हाची सोय.

इथे पूलवर काम करणाऱ्या तरुणांसाठी एक गोष्ट ठळकपणे: गोळ्यांचा डबा आणि टीसीएल पावडर कधीही एकत्र करू नका. एकच मापटं दोन्हीत घालू नका. या दोघांचं मिश्रण पेट घेऊ शकतं, स्फोटही होतो. यातल्या कशावरही ॲसिड पडलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. हे डबे पंपाच्या कोंदट खोलीत एकावर एक रचून ठेवायची पद्धत सगळीकडे आहे आणि ती जीवावर बेतणारी आहे.

काढलेलं पाणी जातं कुठे

याकडे तर कुणाचंच लक्ष नाही. पूलमध्ये क्लोरीन लिटरला १ ते ३ मिलिग्रॅम ठेवतात. मासे मरायला ०.१ मिलिग्रॅमसुद्धा पुरतं. मे महिन्यात ओढ्यात जे दोन-चार डोह उरलेले असतात, त्यांतच मासे, खेकडे तग धरून असतात आणि गुरंही तिथेच पाणी पितात. त्या डोहात रात्री २० हजार लिटर पूलचं पाणी सोडलं तर पातळ करायला ओढ्यात वाहतं पाणीच नसतं.

क्लोरीन घालवणं अवघड नाही. चार-आठ दिवस काही टाकायचं नाही, ऊन लागू द्यायचं, पंप फिरवत ठेवायचा. पाण्यात ते आम्ल जास्त असेल तर जास्त दिवस लागतात, म्हणून दिवस न मोजता टेस्ट करायची. क्लोरीन शून्य दाखवलं की मग पाणी काढायचं. घाई असेल तर सोडियम थायोसल्फेट मिळतं. ग्रामपंचायतीत ओटी टेस्ट करणारा जलसुरक्षक हे पाणी पाच मिनिटांत तपासून देईल.

क्लोरीन गेलं तरी क्षार आणि शेवाळमार औषध राहतं. काही ठिकाणी शेवाळासाठी मोरचूद टाकतात. सुपारीवर फवारणी करणाऱ्या मुरूड-श्रीवर्धनच्या बागायतदारांना मोरचूद काय चीज आहे ते सांगायला नको. त्यातलं तांबं उन्हाने जात नाही आणि माशांना ते फार जहाल. असं पाणी ओढ्याकडे जाता कामा नये.

आणि ‘सॉल्ट पूल’ असेल, म्हणजे मिठापासून क्लोरीन बनवणारं यंत्र असेल, तर त्या पाण्यात लिटरला ३ ते ४ ग्रॅम मीठ असतं. लिटरला २ ग्रॅमच्या वर क्षार गेले की ते पाणी सिंचनाला अयोग्य धरतात. वाल, पावट्यासारखी कडधान्यं तर त्याआधीच माना टाकतात. तेव्हा शेजारचा मालक ‘घ्या, तुमच्या वालाला पाणी’ असं मोठ्या मनाने म्हणाला, तर आधी विचारा की पूल मिठाचा आहे का. साध्या पूलचं क्लोरीन गेलेलं पाणी मात्र नारळाला, कुंपणाच्या झाडांना, लॉनला थोडं थोडं देता येतं. बंगल्याच्या आवारातच ते जिरवलं पाहिजे.

कायदा काय म्हणतो, गावाला काय करता येतं

पूल बांधण्यावर किंवा भरण्यावर सरसकट बंदी नाही. पण हात बांधलेलेही नाहीत. २००९ चा महाराष्ट्र भूजल कायदा २०१४ पासून लागू आहे. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही. टंचाई जाहीर झाली की त्या स्रोतावर परिणाम करणारा आजूबाजूचा उपसा थांबवण्याचे आदेश प्रशासन देऊ शकतं. दूषित पाणी ओढ्यात किंवा विहिरीत सोडायला १९७४ च्या जलप्रदूषण कायद्याने मनाई आहे.

दुसरीकडे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. मार्च २०२४ मध्ये बंगळूरला बोअर आटल्या, तेव्हा तिथल्या जल मंडळाने स्विमिंग पूलला पिण्याचं पाणी वापरायला बंदी घालून ५ हजार रुपये दंड लावला. दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाऊनमध्ये २०१८ च्या दुष्काळात माणशी ५० लिटरची मर्यादा आली आणि नगरपालिकेच्या पाण्याने खासगी पूलमध्ये भर घालायलाही मनाई झाली. त्या शहरावर पुढे झालेल्या अभ्यासात दिसलं की १४ टक्क्यांहून कमी असलेली सुखवस्तू घरं निम्म्याहून जास्त पाणी वापरत होती, आणि त्यात पूल नि बागा होत्या. दोन्हीकडे बंदी आली ती पाणी संपायला आल्यावर. आणि ती नळाच्या, पिण्याच्या पाण्यावर होती. आपल्याकडे बंगल्याचं पाणी बोअरचं नाहीतर खासगी टँकरचं, त्यामुळे तशीच बंदी उचलून इथे लावली तरी कागदावर राहील.

माझ्या मते गावाने बंदी मागू नये, वेळापत्रक मागावं. बंदी घातली तर पाणी रात्री काढतील आणि टँकर पहाटे येईल, एवढाच फरक पडेल. आणि त्या बंगल्यांवरच्या माळी, केअरटेकर, स्वयंपाकाच्या बायकांच्या पोटाचाही प्रश्न आहे. उलट मार्च ते पाऊस सुरू होईपर्यंत पूलचं पाणी बदलायचं नाही, एवढा एकच नियम गावाने धरला तर मालकाचं काही बिघडत नाही. त्याला जूनमध्ये फुकटात पाणी मिळतं आणि टँकरचं बिल वाचतं. मेमध्ये आकडा चढू नये म्हणून ऑक्टोबरपासून गोळ्या आवरायच्या, हे त्याच्या माणसाने सांभाळायचं.

ग्रामसभेत हा विषय घ्यायचा तर आधी माहिती हातात हवी. बंगल्याची नोंद नमुना ८ ला असते, पण पूल किती लिटरचा, बोअर आहे का, ती गावच्या विहिरीपासून किती लांब, हे बहुधा कुठेच लिहिलेलं नसतं. ग्रामसेवकाने ही यादी करायला फारसे दिवस लागणार नाहीत. टंचाई आराखडा तिमाहीप्रमाणे होतो, त्यात एप्रिल ते जूनचा भाग वेगळा असतो. तो तयार होण्याआधी, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, यादी आणि ठराव तहसीलदार आणि गटविकास अधिकाऱ्यांकडे पोचला तर त्याचा उपयोग. मे महिन्यात दिलेला अर्ज पावसातच भिजतो.

ठरावात टँकरवाल्यांचंही नाव घ्यावं लागेल, आणि तिथे गावातलेच लोक अडचणीत येतात. खासगी टँकर बऱ्याचदा गावातल्याच कुणाच्या तरी विहिरीवर भरतो, आणि मे महिन्यात त्या विहिरीच्या मालकाला त्यातून चार पैसे मिळतात. तो माणूस ग्रामसभेत समोर बसलेला असतो. त्याच्याशी आधी घरी जाऊन बोलावं, त्याच्या विहिरीचा मार्च, एप्रिल, मेमधला पाणीसाठा दोरी टाकून मोजावा आणि आकडे लिहून ठेवावेत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी मोजते, पण प्रत्येक वाडीची विहीर त्यात नसते. दोरी, दगड आणि वही एवढ्यावर हे काम होतं, आणि तहसीलदारांपुढे ‘पाणी कमी झालं’ या तक्रारीपेक्षा तीन महिन्यांचे आकडे जास्त चालतात.